चिंधी आणि ग्रंथ

गेल्या माघात आमच्या शेजारची एक मुलगी संध्याकाळी आमच्याकडे आली. चित्रकलेच्या शिक्षणाचे तिचे शेवटचे वर्ष. परीक्षेसाठी तिला हातबांधणीचे एक पुस्तक करावयाचे होते. पाने कापडाची, शिवण हाताची आणि मजकूर असलाच तर ओळ-दोन ओळींचा. काखेत एक गाठोडे होते. त्यातून तिच्या पणजीचे इरकली लुगडे निघाले, गोमी काठाचे, धुवून धुवून मऊ झालेले. ती म्हणाली, “काका, हे कापून पुस्तक करावं असं मनात आहे. पण कात्री घेतली की हात थांबतो. असलं पुस्तक पूर्वी कुणी केलंय का? तुम्ही जुने कागद वाचता, काही सुचेल असं सांगा ना.”

इतिहासाच्या नादी लागलेल्या माणसाला लोक पुष्कळ गोष्टी विचारतात. आडनाव कोठून आले, किल्ला कोणी बांधला, अमक्या लढाईची तिथी कोणती. कलाकृतीसाठी स्फूर्ती मागायला मात्र आमच्या दारी यापूर्वी कोणी आल्याचे स्मरत नाही. त्या दिवशी तिला जे तुटकपणे सांगितले तेच व्याख्यानात मांडले, आणि सभामंडपात वेळेअभावी जे राहून गेले ते घालून येथे लिहीत आहोत.

कापड आणि ग्रंथ ही दोन वेगळी कुळे आहेत असे आपण धरून चालतो. वस्तुतः कागद हा शेकडो वर्षे कापडाच्याच पोटी जन्मला. आमच्याकडे जुन्नरचा आणि दौलताबादचा कागद नावाजलेला. चिंध्या, जुने दोर, गोणपाटाचे तुकडे हे सारे चुन्याच्या पाण्यात कुजवावयाचे, कुटून लगदा करावयाचा, तो साच्यावर घेऊन ताव काढावयाचा आणि गुळगुळीत दगडाने घोटावयाचा. युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कागद प्रामुख्याने चिंध्यांचाच होई. लाकडाचा लगदा नंतर आला. म्हणजे ज्यावर सनदा लिहिल्या गेल्या तो कागद कोणाच्या तरी अंगावरून उतरलेला होता.

आणि कागद झाल्यावरही कापडाने त्याची पाठ सोडली नाही. पोथी फडक्यात बांधून ठेवावयाची हा आपला रिवाज. सरकारी दप्तरातले कागदही चौकोनी फडक्यात बांधले जात, आणि त्या गठ्ठ्यालाच ‘रुमाल’ असे नाव पडले. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. रियासतकार सरदेसायांनी १९३० पासूनच्या चार-पाच वर्षांत पेशवे दप्तराचे जे ४५ खंड संपादिले ते या रुमालांच्या गाठी सोडूनच. एखादे काम ‘बासनात गुंडाळले’ असे आपण आजही म्हणतो, तेव्हा ते बासन म्हणजे हेच कापडी वेष्टन, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. तर आमची रीत ही अशी: कागद आत, कापड बाहेर. कापडाला कात्री लावण्याचा प्रश्नच नाही.

मुलीला हवे होते ते याच्या उलटे. कापड कापून ते ग्रंथाच्या आत बसवावयाचे. अशी दोन उदाहरणे आम्हांस ठाऊक होती. दोन्ही लंडनची, एकमेकांपासून सुमारे शंभर वर्षांच्या अंतराची, आणि दोहोंचा आपल्या देशाच्या कापडाशी संबंध आहे.

पहिले उदाहरण एका अनाथालयाचे. टॉमस कोरम नावाच्या एका दर्यावर्दी माणसाने लंडनच्या रस्त्यांत टाकून दिलेली मुले पाहिली आणि सतरा वर्षे खटपट करून १७३९ साली राजाकडून सनद मिळविली. मार्च १७४१ मध्ये ‘फाउंडलिंग हॉस्पिटल’ने पहिली मुले घेतली. आई मूल आणून देई. तिचे नाव बहुधा विचारीत नसत. लाज झाकली जावी हाच हेतू. परंतु उद्या तिची परिस्थिती सुधारली आणि ती मूल मागावयास आली तर ओळख पटावी कशी? म्हणून कारकून एक छापील कागद भरी: मुलगा की मुलगी, वय काय, अंगावर काय काय कपडे आहेत, शरीरावर खूण कोणती. आणि त्या कागदाला कापडाचा एक तुकडा टाचणीने लावी. कधी तो आईने आणलेला असे, कधी बाळाच्याच अंगावरच्या कपड्यातून कापून घेतलेला. हे कागद पुढे बांधून त्यांचे ग्रंथ झाले.

या ग्रंथांत कापडाचे सुमारे पाच हजार तुकडे आहेत. फितीचा तुकडा, बाहीचा कफ, फुलाफुलांचे चीट, खरखरीत लोकर. राजेरजवाड्यांची वस्त्रे संग्रहालयांत जपलेली असतात. मोलमजुरी करणाऱ्या बाया काय नेसत आणि पोरांना काय गुंडाळीत याचा माग सहसा राहत नाही, कारण ते कापड फाटेपर्यंत वापरतात आणि मग त्याचा कागद होतो. अठराव्या शतकातील इंग्लंडच्या सामान्य लोकांच्या कापडाचा एवढा मोठा साठा त्या देशात दुसरा नाही. तो कोणी विद्वानाने जमविलेला नाही. तान्ही मुले सोडून जाणाऱ्या आयांनी तो जमविला. जॉन स्टाइल्स या इतिहासकाराने २०१० साली लंडनला त्याचे प्रदर्शन भरविले.

एक तुकडा विशेष सांगण्यासारखा आहे. फेब्रुवारी १७६७ मध्ये चार्ल्स नावाचे एक बाळ संस्थेत आले. त्याच्याबरोबर ठिगळे जोडून केलेल्या कापडाचा एक तुकडा होता. त्यावर तांबड्या दोऱ्याने एक हृदय भरलेले, आणि ते हृदय बरोबर मधून कापलेले. संस्थेच्या रिवाजाप्रमाणे मुलाचे नाव बदलले. तो बेंजामिन ट्वर्ल झाला. आठ वर्षांनी, जून १७७५ मध्ये, सारा बेंडर नावाची बाई आली आणि आपला मुलगा परत घेऊन गेली.

ही कथा ऐकताना त्या मुलीचे डोळे भरून आले. आम्ही लगेच तिला पुढचा आकडाही सांगितला. १७४१ ते १७६० या काळात सोळा हजारांवर मुले त्या दारातून आत गेली. परत नेली गेली ती १५२. निम्म्याहून कितीतरी अधिक लहानपणीच दगावली. कापडाचे बाकीचे तुकडे जोडीदाराची वाट पाहत टाचणीवर राहिले. ते आज पाहावयास मिळतात याचे कारण त्यांचा उपयोग कधी झाला नाही.

आता त्या तुकड्यांतील चिटाकडे वळू. चीट हे कापड आपले. हिंदुस्थानातून हे रंगीत छापील सुती कापड सतराव्या शतकात विलायतेत गेले आणि तेथील बायका त्याच्या मागे लागल्या. धुतले तरी रंग जात नाही, हा त्यांना चमत्कार वाटे. तेथल्या लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांचा धंदा बसू लागला. १७०० साली हिंदुस्थानच्या छापील कापडावर कायद्याने बंदी आली. तरी चोरून येई. १७१९ साली लंडनचे विणकर इतके चिडले की रस्त्यात चीट नेसलेली बाई दिसली की तिच्या अंगावरचे कापड ओढून फाडीत. १७२१ साली तर छापील सुती कापड अंगावर घालणे हाच गुन्हा ठरला. मग तेथल्या छापणाऱ्यांनी तागाच्या उभ्या धाग्यात सुताचा आडवा धागा घालून विणलेल्या कापडावर आमच्यासारखी फुले छापण्यास आरंभ केला. १७७४ साली, आपले लोक आता शुद्ध सुती कापड विणू लागले अशी खात्री पटल्यावर, बंदी उठली. अनाथालयाच्या ग्रंथांतली पुष्कळशी फुले या मधल्या काळातली आहेत. ती कोरोमंडलच्या आणि सुरतेच्या फुलांची नक्कल आहेत. नक्कल अजून हाताने चालली होती, एवढेच.

शंभर वर्षांनी हीच नक्कल ग्रंथरूपाने पद्धतशीर शिकविली गेली. ते आमचे दुसरे उदाहरण.

जॉन फोर्ब्स वॉटसन हा स्कॉटलंडचा डॉक्टर. १८५० साली तो मुंबईस नोकरीवर आला. जमशेटजी रुग्णालयात आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने काम केले आणि १८५३ साली परत गेला. १८५८ साली कंपनीचे राज्य संपून राणीचे सुरू झाले, त्याच वर्षी लंडनच्या इंडिया ऑफिसने त्यास ‘हिंदुस्थानच्या उत्पन्नाचा वृत्तनिवेदक’ असे पद दिले. तेथील इंडिया म्युझियमही त्याच्याच हाती आले. १८५१ चे लंडनचे आणि १८५५ चे पॅरिसचे प्रदर्शन, यांच्या निमित्ताने इकडून गेलेला कापडाचा मोठा साठा त्या संग्रहालयाच्या कोठारात पडून होता. या डॉक्टराने काय करावे? १८६६ साली त्याने त्या ठाणांचे, पागोट्यांचे, लुगड्यांचे तुकडे करविले. ७०० नमुने, १८ खंड, आणि अशा एकसारख्या २० प्रती. म्हणजे चौदा हजार तुकडे. प्रत्येक पानावर खरेखुरे कापड. शेजारी चिठ्ठी: वस्तू कोणती, लांबी किती, रुंदी किती, वजन किती, किंमत काय, कोठली. पागोटी एकीकडे, धोतरे एकीकडे, लुगडी एकीकडे. गावावरून वा जातीवरून वर्गवारी नाही, वापरावरून आहे. काठ कोठे येतो, पदर कसा असतो, हे एवढ्याशा तुकड्यावरून गिरणीवाल्यास कळावे अशा बेताने कापणी केलेली. वॉटसन या संचांना वीस औद्योगिक संग्रहालये म्हणे, आणि ते म्हणणे खोटे नव्हते.

सोबत त्याने एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो आम्ही पुन्हापुन्हा वाचला आहे आणि दर वेळी त्या माणसाविषयी राग आणि आदर दोन्ही वाटले आहेत. त्याचा हिशेब सरळ आहे. हिंदुस्थानात वीस कोटी माणसे राहतात. त्यांच्या अंगावर कापड थोडके असले तरी वीस कोटींचे थोडके म्हणजे फार झाले. जरीचे, मलमलीचे, श्रीमंतांचे कापड विलायतेस जमणार नाही, त्या नादी लागू नये. गरिबाचे साधे कापड पुरवावे. पण आपला गिरणीवाला काय करतो? पागोट्याची लांबी चुकवितो, काठाची रुंदी चुकवितो, नेसणारीला न रुचेल असा रंग पाठवितो, आणि माल खपत नाही म्हणून कुरकुरतो. गिऱ्हाइकाची आवड शिका, हा त्याचा धोशा. आणि ढाक्याच्या मलमलीचे सूत सूक्ष्मदर्शकाखाली धरून, यंत्राच्या सुताहून ते बारीक आहे आणि त्याला पीळही अधिक आहे, अशी कबुली देण्याइतका तो प्रामाणिक होता. ज्याचा धंदा बुडवावयाचा त्याच्या कसबाची इतकी बारकाईने केलेली तारीफ दुसरीकडे क्वचितच वाचावयास मिळेल.

वीसही संच प्रथम विलायतेतच ठेवावयाचे होते. मागाहून विचार बदलला. तेरा तिकडे राहिले. मँचेस्टर, प्रेस्टन, ब्रॅडफर्ड अशा गिरण्यांच्या गावी गेले. सात हिंदुस्थानात आले, त्यांत एक मुंबईस आणि एक वऱ्हाडास. मुंबईच्या अडत्याने अमुक क्रमांक सांगितला की मँचेस्टरच्या कारखानदाराने तेच पान उघडावे, अशी सोय झाली. वऱ्हाड कापूस पिकविणार, लँकेशायर तो विणणार, आणि कसा विणावा याचा नमुना पुन्हा वऱ्हाडच्याच माणसाच्या अंगावरचा. अमेरिकेतले यादवी युद्ध नुकतेच, १८६५ साली, संपले होते. त्या चार वर्षांत आमच्या कापसाने मुंबईत सोन्याचा पाऊस पाडला होता. त्या पावसात साळ्या-कोष्ट्यांच्या वाट्याला काय आले ते निराळे सांगावयास नको. सूत महागले, आणि महाग सुताचे कापड घेणार कोण?

त्या ७०० चिठ्ठ्यांवर गाव आहे, वजन आहे, किंमत आहे. विणणाऱ्याचे नाव नाही. वॉटसनला त्याची जरुरीच नव्हती. पुढे १८६८ ते १८७५ मध्ये याच वॉटसनने के नावाच्या सहकाऱ्याबरोबर हिंदुस्थानच्या लोकांच्या छायाचित्रांचे आठ खंड काढले. तेथेही पानोपानी प्रत्यक्ष छायाचित्रे चिकटविलेली. आधी कापडाचे नमुने आणि मग माणसांचे! संग्रह करण्याची ही चटक एकदा लागली की कोठे थांबावे ते कळत नाही.

याच दशकांत आमच्याकडे काय चालले होते? १८७७ च्या आरंभी दिल्लीस दरबार भरला. देशोदेशीचे राजे तेथे जरतारीत आले. पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, गेले ते हातच्या सुताचे जाडेभरडे कापड घालून. वॉटसनच्या खंडांची त्यांना माहिती होती की नाही हा प्रश्न येथे गौण आहे. एका बाजूस आमच्या कापडाचे नमुने गिरणीवाल्यांच्या टेबलावर उलगडले जात होते, आणि दुसऱ्या बाजूस एक वकील स्वतःच नमुना होऊन भर दरबारात उभा होता, हे चित्र आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आता थोडे वॉटसनच्या बाजूनेही बोलले पाहिजे. व्याख्यानानंतर एका गृहस्थाने आम्हांस विचारले की, हे खंड जाळून टाकण्याच्या लायकीचे, नाही का? आम्ही नाही म्हणालो. त्या ठाणांचे तुकडे झाले नसते तर ती कोठारातच कसरीने खाल्ली असती. इंडिया म्युझियम १८७९ साली मोडले, त्यातल्या वस्तू पांगल्या. आज ज्या पागोट्याचा विणकर नाही, नेसणारा नाही, रंग उकळणारा रंगारी नाही, त्याचा हातभर तुकडा प्रेस्टनच्या संग्रहालयात ताज्या रंगात आहे, कारण ग्रंथ मिटलेला होता आणि त्याला ऊन लागले नाही. त्या संचाची छायाचित्रे घेऊन ती लोकांस पाहण्यासाठी खुली करण्यात आली. हातमागाचे काम करणारे आजचे आमचेच लोक ती पाने चाळून जुने काठ पुन्हा उठवितात. बुडविण्यासाठी केलेला ग्रंथ असा कामास येतो. ग्रंथ त्याच्या कर्त्याच्या हेतूला बांधलेला राहत नाही, हे आम्ही जुन्या कागदांतही अनेकदा पाहिले आहे; महसुलाची वसुली बाकी लिहिणाऱ्या कारकुनाला आपण गावाचा इतिहास लिहितो आहोत हे कोठे ठाऊक होते?

आणखी एक. वॉटसनचे भाकीत सगळेच्या सगळे खरे ठरले नाही. साधे मांजरपाट आणि धोतर यंत्राने खाल्ले; लुगडे मात्र सहजी खाता आले नाही. गावागावाचा काठ वेगळा, पदर वेगळा, आणि प्रत्येक तऱ्हेची मागणी थोडी. यंत्राला हे परवडत नाही. इरकलीचेच पाहा. तिच्या अंगाचे उभे धागे वेगळे आणि पदराचे उभे धागे वेगळे. दोहोंचे टोक एकमेकांत फासासारखे अडकवून मागावर जोडतात आणि मग विणतात. कोष्ट्याच्या घरातली बाई हे अडकविण्याचे काम बसल्या बैठकीला करी. लुगडे समोर असल्याशिवाय ही युक्ती कळत नाही. त्या मुलीने गाठोड्यातले लुगडे आमच्या खाटेवर पसरले तेव्हा आम्ही तिला ती जोडाची ओळ बोटाने दाखविली. तिने ती आजवर पाहिली नव्हती, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही पुस्तकात वाचलेली त्या दिवशी प्रथमच हाताने चाचपली.

तेव्हाच दुसरी गोष्ट दिसली. लुगड्याच्या मधोमध उभी शिवण होती. आमच्या घरातून ओरडून खुलासा आला, “अगं, दंड घातलाय तो!” लुगडे मध्यावर विरले की जीर्ण भाग कापून काढावयाचा आणि दोन्ही तुकडे जोडावयाचे, म्हणजे आणखी तीन-चार वर्षे निघतात, पूर्वीच्या घरांत ही नित्याची गोष्ट होती. पणजीने हे लुगडे आपल्या हाताने आधीच कापले होते.

मुलगी बराच वेळ त्या शिवणीवर हात ठेवून बसली. मग म्हणाली, “मग मी ही शिवण उसवू का, काका?” आम्ही म्हटले, “ते तू आजीला विचार. लुगडं तिच्या आईचं आहे.”

चैत्रात ती पुस्तक घेऊन आली. आजीने परवानगी दिली होती, एका अटीवर: पदर कापावयाचा नाही. दंडाची शिवण उसवून मिळालेल्या धाकट्या तुकड्याची तिने सोळा पाने केली. मूळचा दोरा जपून काढला आणि पुस्तकाची पाठ त्याच दोऱ्याने शिवली. मध्येच तो संपला म्हणून शेवटची दोन बिऱ्हाडे, म्हणजे पानांच्या जुड्या हो, नव्या दोऱ्याने. पदराचा मोठा तुकडा पुस्तकाला गुंडाळावयास ठेवला आहे, रुमालासारखा. पहिल्या पानावर वॉटसनसारखी चिठ्ठी आहे. लुगडे नऊवारी, वजन, वाण्याच्या काट्यावर केलेले, सातशे चाळीस ग्रॅम, किंमत, आजीच्या आठवणीप्रमाणे, अकरा रुपये, कापले प्रथम पणजीने, नंतर पणतीने. त्याखाली ‘विणले’ असा शब्द लिहून पुढे दोन ओळींची जागा कोरी सोडली आहे. परीक्षक विचारतील हे काय म्हणून, असे ती म्हणत होती.